थांबा मास्तर, वारं आलंय

॥ श्री ॥

निपाणी
सोमवार, ११ नोव्हेंबर २०२४

ती. स्व. आप्पांना,
ऋतिकाचा शि. सा. न. वि. वि.

दिवाळीत घरी आले तेव्हा तुम्ही मला तीनदा मोठ्यानं बोलायला सांगितलंत आणि तरी माझं अर्धं बोलणं वाऱ्यावरच गेलं. म्हणून राहिलेलं लिहून पाठवते. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि वाडीवर रेंजही नाही, हे एका अर्थी बरंच आहे. मी इथं नववीच्या मुलांना पत्रलेखन शिकवते, पण आमच्या शाळेत खरोखरीचं पत्र येणारी मी एकटीच. पोस्टमन आला की मुलं वाकून बघतात.

तर, गेल्या हिवाळ्यात पलीकडच्या गावात ज्याचं शूटिंग झालं, तो सिनेमा पुरा झाला. नाव अजून ठरलेलं नाही. नटनट्यांना आपल्या बाजूचं बोलणं शिकवायला मी रविवार आणि रजा घालवल्या होत्या, म्हणून काल बेळगावच्या थिएटरात मलाही बोलावलं होतं. जाताना मला धास्ती होती. कुणी 'न्हाय'च्या जागी 'नाय' म्हटलं असेल तर लोक मलाच हसतील असं वाटत होतं. दोन ठिकाणी तसं झालंय. मी वहीत लिहून घेतलंय.

पण शेवट बघताना वही मांडीवरून खाली पडली ती उचलायचंही राहिलं. तुम्हाला तो सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

गोष्ट एकाहत्तरच्या लढाईतली आहे, पण लढाई एकदाही दिसत नाही. दिसतं ते गाव, भाताची सुगी आणि एक तरणी बाई. नवरा पलटणीत. तिला वाचता येत नाही. एक दिवस पत्र येतं. गावात वाचणारे मास्तर एकटेच, ते तीन दिवस परगावी गेलेले. बाई पत्र उघडून नुसतीच बघते आणि वर तिला श्री दिसतो. तेवढं एक अक्षर ती ओळखते, कारण दर दिवाळीला घरातल्या कणगीवर गेरूनं तेच काढतात. आपल्यात वाईट बातमीच्या पत्रावर श्री घालत नाहीत, कोपरा फाडतात. म्हणजे माणूस खुशाल आहे. ती गुळाची ढेप फोडते आणि गल्लीभर वाटत सुटते. तिसऱ्या दिवशी ते पत्र शाळेत ठेवून, मास्तर आले की वाचून ठेवायला सांगून, ती खळ्यावर जाते.

मास्तर येतात, वाचतात. पत्रात नवरा गेल्याची बातमी असते. आपल्याला कळतं, तिला नाही. मग ती खळ्यावर तिवईवर उभी राहून भात वारवते आहे आणि मास्तर बांधावरून चालत येताहेत. दिवसभर पडलेलं वारं नेमकं तेव्हा सुटतं. ती मास्तरांना बघते, हसते आणि हातानं खूण करते की थांबा मास्तर, वारं आलंय. मास्तर थांबतात. भुसकट उडून त्यांच्या टोपीवर पडत राहतं. सुपातून भात खाली पडतंय, ती हसतेय. संपलं.

दिवे लागले तरी कुणी उठलं नाही. मास्तरांना थांबायला तीच सांगते हे मला फार मोठं वाटलं. रडणं नाही, पेटी-तबला नाही, नुसता भात पडल्याचा आवाज. असं करायला फार धीर लागत असेल.

आता माझी बढाई. हा शेवट कागदावर आधी वेगळा होता. आईनं लहानपणी मला पलीकडच्या गावातल्या गुणाबाईंची गोष्ट सांगितली होती, श्री बघून गूळ वाटल्याची. ती मी शूटिंगच्या वेळी दिग्दर्शिका बाईंना सांगितली. त्याआधी गुणाबाईंच्या घरी जाऊन त्यांना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, दाखवा की, मला काय झालंय.

८ डिसेंबरच्या रविवारी संध्याकाळी पलीकडच्या गावातच, देवळापुढे पडदा लावून सिनेमा दाखवणार आहेत. पहिल्या रांगेत मानाच्या दोन खुर्च्या आहेत. एक गुणाबाईंची आणि एक माजी सैनिक म्हणून तुमची. तुम्ही यायचंच. मी शनिवारी रात्रीपर्यंत पोचते.

एक विचारायचं होतं. तुमच्या पत्रावर कधीच श्री नसतो. आई म्हणते, मिलिटरीतली माणसं देव मानत नाहीत. खरं का?

काळजी घ्या, माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची
ऋतिका

ता. क. चुलत आजोबांना 'ती. स्व.' लिहितात की नुसतं 'ती.', याची खात्री करायला मी पुस्तक काढलं. तुम्ही हसाल.


वाडी
१६ नोव्हेंबर २४

चि. ऋतिका हिला परशराम आप्पाचे अ. उ. आ.

पत्र मिळालं. अक्षर झकास. पर तू लई लांब लिवतीस. पोस्टमन म्हणाला, आप्पा, ह्यात काय जमिनीचा दावा हाय काय.

भात कापून झालं. रानडुकरांनी खालचा तुकडा तुडवला. तुझी आई जयाबाई काल आलती, भाकरी आणि वांग्याची भाजी देऊन गेली. म्हणत हुती पोरगी निपाणीत नीट जेवत न्हाय. नीट जेव.

पिच्चरला माझं येणं हुणार न्हाय. गुडघा धरलाय. खुर्ची दुसऱ्या कुणाला द्या. माजी सैनिक जांबोटीला बी हायत.

गुळाची गोष्ट जयाबाईला कुणी सांगितली? तिच्या लग्नाच्या आधीची हाय ती. आणि त्यात पत्र कुणी लिवलं असं सांगत्यात? तेवढं कळव.

देवाचं म्हणशील तर मी देव मानतो. बाकी ठीक.

लोभ हाय तेवढा पुरवून वापर.

परशराम


॥ श्री ॥

निपाणी
बुधवार, २० नोव्हेंबर २०२४

ती. स्व. आप्पांना,
ऋतिकाचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी चारदा वाचलं. माझं काही चुकलं का? दिवाळीत तुम्ही गवताचा भारा डोक्यावर घेऊन चढ चढून आलात, तेव्हा गुडघा ठीक होता. मी उलटतपासणी घेत नाही. पण चुकलं असेल तर स्पष्ट सांगा. मला अंदाज करत बसता येत नाही, जेवण जात नाही.

आई जांबोटीला बाजाराला आली होती तेव्हा तिला फोन करून विचारलं. तिला ती गोष्ट सासूकडून, म्हणजे आमच्या आजीकडून कळली. पत्र कुणी लिहिलं ते कुणालाच माहीत नाही म्हणे. त्या गावच्या गुंडू मास्तरांनी वाचून झाल्यावर रिवाजाप्रमाणे ते फाडून ओढ्यात सोडलं. पलटणीतल्या कुणीतरी लिहिलं असेल, एवढंच सांगतात.

तो शेवट मला एवढा का लागला, त्याचा मी इथं येताना बसमध्ये विचार करत होते. आपल्या घरात शाळेत गेलेली मी पहिली. बँकेचं पत्र येवो की लाईटचं बिल, आई ते माझ्या हातात देते आणि कागदाकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघत बसते. मी दुसरीत होते तेव्हापासून. एकदा दवाखान्याच्या कागदावर बाबांचं दुखणं लिहिलं होतं आणि मला तो शब्द कळला नाही म्हणून मी हसले. आईला वाटलं, सगळं बरं आहे. ते मी अजून विसरलेली नाही. बाबा पुढे बरे झाले तरीही. त्या सिनेमातले मास्तर बांधावरून येताना तोंड कसं ठेवावं या विचारात चालत असतात. नटाला एक वाक्य नाही, नुसतं चालणं आहे, आणि मला त्यातलं प्रत्येक पाऊल कळत होतं.

तुम्ही आला नाहीत तर मला तो सिनेमा अर्धाच बघितल्यासारखं वाटेल. तरी आग्रह करत नाही. करते, पण थोडाच.

उत्तराची आणि मायेची वाट बघणारी,
ऋतिका


वाडी
२५ नोव्हेंबर २४

चि. ऋतिका हिला आप्पाचे अ. उ. आ.

जेवण जात न्हाय म्हणालीस म्हणून लिवतो. न्हायतर लिवणार न्हवतो. हे पत्र वाचून झालं की तुझ्यापाशीच ठेव.

ते पत्र मी लिवलंय.

गुणाबाईचा नवरा भरमू आणि मी एकाच दिवशी भरती झालो. तो पलीकडच्या गावचा, मी वाडीचा. बेळगावला रांगेत माझ्याफुडं तो हुता. त्याला बी अक्षर येत न्हवतं, मला बी न्हाय. मी शाळा बघितली न्हाय, म्हशी बघितल्या. पलटणीत शिकवणारा एक हवालदार हुता. त्यानं हात धरून पयलं काढून घेतलं ते श्री. सा म्हयने दर पानावर आधी श्री, मग बाकीचं. न्हाय काढलं तर पान फाडायचा. हाताला वळणच पडलं. भरमू शिकायचा कंटाळा करायचा. त्याची समदी पत्रं मीच लिवायचो. त्याची बायको तिकडं गुंडू मास्तराकडनं वाचून घ्यायची. म्हंजे माझं अक्षर ती डोळ्यांनी वळखत हुती, तोंड बघितलं नसंल तरी.

भरमू गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी जखमींची गाडी माघारी निघालती. तीत एक बेळगावचा जवान हुता. म्हणाला, काय द्यायचं असंल तर दे, तिकडं टपालात टाकतो. माझ्यापाशी कागद एकच. गाडी सुरू हुती. मी गुडघ्यावर कागद घेतला आणि हातानं श्री काढला.

काढल्यावर माझ्या ध्यानात आलं. नीट ऐक. मला कळलं न्हाय असं न्हाय. मला कळलं. खोडाय गेलो तर श्रीवर रेघ मारायला हात धजंना. दुसरा कागद न्हाय. मनात म्हटलं, मास्तर वाचून दावतील, वरच्या श्रीकडं कोण बघतंय. दोन ओळी लिवल्या, खाली नाव टाकलं आणि दिलं.

सरकारी तार आठ दिवस मागनं आली. माझं पत्र आधी पोचलं.

चार म्हयन्यांनी सुट्टीवर आलतो तवा तुझ्या आज्यानं मला ही गोष्ट सांगितली. आपल्याच घरात, जेवताना. गुणाबाईनं श्री बघून गूळ वाटला म्हणून. कुणी येड्यानं लिवलं असंल म्हणाला. मी भाकरी खात गप बसलो. नुसता इसरलो असतो तर त्याची माफी हुती. मी बघून पाठवलं, आणि मग तोंड बी मिटलं.

मध्ये एवढंसं रान हाय, दीड तासाची वाट. त्रेपन्न वर्सं झाली, मी त्या गावच्या वेशीतनं गेलो न्हाय. बाजाराला जांबोटीला वरच्या वाटनं जातो. लग्नं टाळली, मयती टाळल्या. तवापासनं पत्रावर वर काय घालत न्हाय. जागा मोकळी ठेवतो.

तू पिच्चरमधी जे दावलंस ते चांगलंच असणार. तुझं काय चुकलं न्हाय. पर तिच्या शेजारी मानाच्या खुर्चीवर मला बसता येणार न्हाय.

जेव नीट.

परशराम


॥ श्री ॥

निपाणी
शुक्रवार, २९ नोव्हेंबर २०२४

ती. स्व. आप्पांना,
ऋतिकाचा शि. सा. न. वि. वि.

वर श्री लिहावा का, इथंच मी पेन थांबवून बसले होते. लिहिला, कारण नाही लिहिला असता तर तुम्ही घाबरला असता.

मी सगळ्यांना विचारलं होतं, आप्पा. गुणाबाईंना विचारलं, ज्यांचं खळं त्या भावकूकाकांना विचारलं, शाळेची खोली वापरायला हेडमास्तरांना विचारलं. फक्त पत्र लिहिणाऱ्याला विचारायचं राहिलं. मला वाटलं, तो कुणी परमुलखातला असेल, किंवा आता नसेलच. तो माझ्या ताटात भाकरी वाढणारा माणूस असेल असं मनात आलं नाही.

मी दिग्दर्शिका बाईंना फोन केला. तुमचं नाव सांगितलं नाही. विचारलं की शेवट बदलता येईल का. त्या म्हणाल्या, ८ तारखेला गावातल्या कुणाला तो बघून दुखलं तर आपण बसून बोलू, महिना हातात आहे. त्या खरंच तसं करतील अशा आहेत.

आता खरं सांगते. फोन लावताना मला वाटत होतं, त्यांनी नाही म्हणावं. इतका तो शेवट मला आवडलाय. हे तुमच्यापासून लपवलं तर मलाही तुमच्यासारखी वरची जागा मोकळी सोडायला लागेल. तुम्ही नको म्हणालात तर मी बदलायला सांगेन. एका ओळीचं कार्ड पुरे. नाही आलं तर, तुमची हरकत नाही असं मी धरणार नाही. तुम्ही अजून ठरवताय असं धरीन.

आणि एक. सिनेमात पत्र लिहिणारा कुठंच दिसत नाही. थिएटरात त्याला कुणी येडा म्हटलं नाही. माझ्या शेजारच्या बाई बाहेर येताना म्हणत होत्या की लिहिणाऱ्यावर केवढी वेळ आली असेल. मी त्यांना ओळखत नाही.

मी जेवते आहे. तुम्हीही जेवा.

तुमचीच, पहिल्याइतकीच,
ऋतिका


मंगळवार, १० डिसेंबर २०२४

चि. ऋतिका हिला गुणाबाईचा आशीर्वाद. लिवणार प्रियदर्शनी, अंगणवाडी. मी बोलते तसंच लिव म्हणून तिला सांगितलंय. सुधारायचं न्हाय.

पोरी, परवा गर्दीत तुझ्याशी बोलणं झालं न्हाय. तू हात जोडून उभी, तोंड असं केलंवतंस जसं काय तूच लढाई लावलीस. म्हणून कागद.

पिच्चर चांगला झालाय. आधी चुका सांगते. मी त्या दिवशी खळ्यावर न्हवते, गोठ्यात शेण काढत हुते. खळ्यावरचं बघायला बरं दिसतं म्हणून घेतलं असंल, चालंल. त्या पोरीचं लुगडं लई सोच्छ. सुगीत असलं लुगडं नेसणारीला माझ्या सासूनं घरात घेतली नसती. तिवईवर मात्र नीट उभी ऱ्हायली. सूप बी बरं धरलंय, शिकवणारीनं शिकवलंय.

आणि गूळ वाटताना ती जी पळाली, पदर खोचून, एका पायात वहाण, तशीच गं मी पळालते. ते त्या पोरीला कुणी सांगितलं? मी कुणाला सांगितलं न्हवतं. ते बघून माझ्या बाजूच्या समद्या बाया रडल्या. मी रडले न्हाय, मी बघत हुते. एकोणीस वर्साची मी तशी दिसत असंन, मला ते ठावं न्हवतं. आमच्या घरी आरसा हाताएवढा हुता. ते दावलंत, तुमचं चांगलं हुईल.

आता शेवटचं. ती मास्तराला थांब म्हणाली, मास्तर थांबला, आणि पडदा काळा. समद्यांना वाटलं करंट गेला. शामूनं पळत जाऊन वायर बघितली. मग लोकांनी टाळ्या वाजवल्या तवा कळलं की संपलं. प्रियदर्शनी म्हणती, फुडचं आपण मनात समजून घ्यायचं. मी समजून कशाला घेऊ, माझ्यावर झालंय ते. शिकलेल्या लोकांना तिथं थांबलेलं ग्वाड लागतंय. लागू दे, मला बी जरा वेळ लागलं. पर खरं सांगू, गुंडू मास्तर थांबला न्हाय. गोठ्याच्या दारात आला, टोपी काढली आणि सांगितलं. दोन ओळी हुत्या, दोनच सांगितल्या. मी त्याला म्हटलं, फुडं? म्हणाला, फुडं काय न्हाय, खाली परशराम असं नाव हाय.

हां. मला ठावं हाय. मास्तराला आणि मला दोघांनाच ठावं हुतं. आमी कुणाला सांगितलं न्हाय. तो बी त्याच गोळ्यांतनं जगून आलेला, त्याच्या नावानं गावात दात कशाला काढू द्यायचं. श्री काढला त्याचा मला राग न्हाय. आला हुता, वर्सभर हुता, मग गेला. दुसरा हाय तो गेला न्हाय.

पलटणीतनं माणूस परत आला, सुट्टीवर आला, पेन्शनीत आला, वाडीवर भात करतोय, आणि दीड तासाची वाट त्याला चालवंना? परवा त्याची खुर्ची माझ्या बाजूला मोकळी. सारखी लोकं इचारत हुती म्हणून मी तिच्यावर पिशवी ठेवली.

त्याला हे वाचून दाव, न्हायतर हाच कागद धाड. मास्तर थांबला ते पिच्चरमधी शोभतं. ह्यानं किती थांबायचं?

तुला मुलगा बघत्यात असं जयाबाई म्हणत हुती. वाचणारा बघ, पर बोलणारा आधी बघ.

गुणाबाई (अंगठा)


॥ श्री ॥

निपाणी
शनिवार, १४ डिसेंबर २०२४

ती. स्व. आप्पांना,
ऋतिकाचा शि. सा. न. वि. वि.

सोबत गुणाबाईंचं पत्र आहे. त्यांनी धाडायला सांगितलं म्हणून धाडते. तुमची गोष्ट मी त्यांना सांगितलेली नाही, हे तुम्हाला वाचताना कळेलच.

यावर मला पुष्कळ लिहावंसं वाटतंय. पहिल्यांदाच ठरवलंय की लिहायचं नाही.

ऋतिका


वाडी
२४ डिसेंबर २४

चि. ऋतिका हिला आप्पाचे अ. उ. आ.

काल सोमवारी गेलतो.

आधी दोन दिवस तिचा कागद उशाखाली ठेवला. मग दाढी केली. वरच्या वाटनं न्हाय, सरळ रानातनं गेलो. पाय दुखला, ते खरं. वेशीत युवराज भेटला, म्हणाला, आप्पा, वाट चुकलासा काय. म्हटलं, व्हय, लई दिवस चुकलोवतो.

ती दारात मिरच्या खुडत बसलेली. मी कोण ते सांगायला लागलं न्हाय. म्हणाली, बस. च्या झाला. तिचा आवाज रानात हाका मारल्यासारखा हाय, मला एक शब्द चुकला न्हाय. मी आधी श्रीचं बोलाय लागलो, कसं मला कळलं आणि तरी मी पाठवलं. तिनं ते मधीच तोडलं. म्हणाली, ते ऱ्हाऊ दे. तो कसा गेला ते सांग. मला कुणी सांगितलं न्हाय.

तवा सांगितलं. दुपार हुती. भरमू च्याची किटली घेऊन खंदकाकडं येत हुता, मी त्याला हात करत हुतो. गोळा पडला. धूर गेला तवा किटली तशीच हुती, तो न्हवता. म्हंजे हुता, पर संपला हुता. लगीच. तिनं इचारलं, काय म्हणाला? माझ्या तोंडावर आलंवतं की तुझं नाव घेतलं म्हणून सांगावं. सुभेदारानं आमाला तसं सांगायला शिकवलंवतं. पर एकदा पाठवलं ते पुरं झालं. म्हटलं, काय म्हणाला न्हाय, बोलायला घावलंच न्हाय.

ती हसली गं. म्हणाली, पंधरा ऑगस्टला एकानं भाषणात सांगितलंवतं की माझं नाव घेत गेला. तवाच मला कळलं हे खोटं हाय. त्यानं माझं नाव जल्मात घेतलं न्हाय. अगं म्हणायचा. खरं सांगणारा तू पयला.

मग मी तिची माफी मागितली. श्रीची न्हाय, न आल्याची. तिनं खुडलेल्या मिरच्या सुपात लोटल्या. मग म्हणाली, लगीन होऊन अकरा म्हयने झाले हुते, त्यात तो घरात दीड म्हयना हुता. माझ्यापाशी तो दीड म्हयन्याचाच हाय. बाकीची दोन वर्सं समदी तुझ्यापाशी. ती घेऊन तू तिकडं बसलास.

मी असा इचारच केला न्हवता. मला वाटत हुतं, माझ्यापाशी तिचं दुखणं हाय.

ऊन कलल्यावर उठलो तर म्हणाली, सोमवारी ये. मी म्हटलं, येतो. वेशीपतोर आली. तिथं एवढ्या बायांफुडं मोठ्यानं म्हणाली, येताना आठवून ये, आठवत न्हाय म्हणून चालणार न्हाय.

पिच्चर बदलायला सांगू नको. मी बघितला न्हाय, पर तिनं मला मिरच्याच्या सुपानं समदा करून दावला. तू सांगितलंस तसाच हाय.

आता मी आठवत बसलोय. रोज थोडं कागदावर टिपतो, न्हायतर इसरायचं वय हाय. भरमू बेळगावात सायकल शिकला, पयल्याच दिवशी ब्रेक लागंना म्हणून सायबाच्या बागंत घुसला आणि गुलाबाच्या काट्यातनं आमी चौघांनी त्याला काढला. आठ दिवस त्याला बसता येत न्हवतं, उभ्यानंच जेवायचा. हे बाईमाणसाला सांगावं का न्हाय, तू शिकलेली हाईस, लवकर कळव. सोमवारी तेच सांगायचं ठरवलंय.

घरच्या समद्यांचा आणि माझा जीव तुझ्यापाशी हाय, जपून ऱ्हा.

परशराम